दाण्याची झोप

खपली गव्हाची लोंबी एकदा हातात घेऊन सावकाश उसवून बघावी. कृष्णाकाठच्या काळ्या रानात, सांगली-साताऱ्याकडे, हा गहू अजून पेरतात. खिरीला त्याच्यासारखा दुसरा गहू नाही. साधा गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपलीचा होत नाही. लोंबी मोडली की तिचं एकेक कवच सुटतं आणि बहुतेक कवचांत दोन दाणे शेजारी शेजारी दडून बसलेले असतात. कांडल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. पेरायची खपली तर कवचासकटच पेरतात.

या गव्हाचा रानटी पूर्वज पश्चिम आशियातल्या डोंगरउतारांवर अजून आपला आपण उगवतो. त्याच्याही कवचात दोन दाणे. पाऊस पडतो, कवच भिजतं, त्यातला एक दाणा उगवतो. दुसरा उगवत नाही. माती तीच, ओल तीच, कवचही तेच, तरी तो आणखी एक वर्ष थांबतो. पहिल्या वर्षी पावसानं मध्येच दगा दिला आणि भावाचं रोप करपलं, तर पुढच्या पावसाला हा शिल्लक असतो. जिथं पावसाचा भरवसा नाही तिथं त्या गवतानं आपली सगळी लेकरं एकाच वर्षाच्या हवाली केलेली नाहीत.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आठवलं. आमच्या जिल्ह्याचा तो पूर्वेकडचा, ढगांकडे बघून जगणारा भाग. पण तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पेरलेल्यातलं निम्मं यंदा आणि निम्मं पुढच्या साली उगवलं तर चालेल का? तो हात जोडेल. त्याला सगळं रान एका दिवशी हिरवं व्हायला हवं. खपलीचे दोन्ही दाणे आज एकदमच उगवतात. ही सवय कुणी बसून लावली नाही. हजारो वर्षं दर साली तेच घडत गेलं: जो दाणा थांबला तो कापणीच्या वेळी पिकात नव्हता आणि जो लगोलग उगवला त्याचंच बी पुढच्या पेरणीला मुठीत आलं. मूठ नकळत निवडत गेली. गहू, भात, हरभरा, वाटाणा, मसूर, एकेकाची झोप अशी विरत गेली.

तेव्हापासून बियाणं साठवण्याकडे बघायची माझी नजर बदलली. रानातल्या बीला कुणी सांभाळावं लागत नाही. कधी जागं व्हायचं हे ते स्वतः ठरवतं. पिकाच्या दाण्यानं तो अधिकार आपल्यासाठी सोडला. मग ती झोप गेली कुठं? ती आपल्या घरात आली. कणगी, बळद, उतरंड, राख, कडुलिंबाचा पाला, आढ्याला टांगलेली कणसं आणि आजची शीतगृहं, ही सगळी दाण्याच्या आतून निघून माणसाच्या हातात आलेली झोप आहे. दाण्याच्या वतीनं आता आपण थांबतो.

मी राहते ते विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधला भाग. 1919 साली सुरू झालेलं विलिंग्डन महाविद्यालय इथं आहे, 1947 पासूनचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय इथंच, आणि विश्रामबाग नावाचं छोटं रेल्वे स्टेशनही. त्यांच्या आसपास आता इमारतींना इमारती लागल्या आहेत. तरी कुठं कुठं एखादा मोकळा प्लॉट राहिलेला असतो, मुरूम-दगडांचा. उन्हाळाभर तिथं काडी नसते. जूनमध्ये एक-दोन सरी झाल्या की आठवड्याभरात टाकळा वर येतो, गोलसर पानांचा, दाटीवाटीनं. बायका पिशवी घेऊन कोवळी पानं खुडायला येतात. हा टाकळा कुणी पेरलेला नसतो.

टाकळ्याचं बी कठीण, गुळगुळीत. त्याच्या सालीतल्या पेशी उभ्या खांबांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि पाणी आत जाऊ देत नाहीत. अशा बीच्या सालीवर एक बारीक जागा कच्ची असते. उन्हाळ्यातला दिवसाचा ताप आणि रात्रीचा गारवा, मातीचं घासणं, हे सोसून सोसून ती जागा सैल पडते आणि मग पाण्याला वाट मिळते. सगळ्या बियांची वाट एकाच वर्षी उघडत नाही. म्हणून प्लॉटवर एक साल सगळा टाकळा उपटून टाकला तरी पुढच्या सालचा मातीत तयारच असतो. बाभळीचंही असंच. तिच्या शेंगा शेळ्या खातात, पोटातून जाताना बीची साल नरम पडते, आणि मग वाडग्यातल्या लेंडीखतात बाभळीची रोपं उगवलेली दिसतात.

ही रानटी सवय आपल्या स्वयंपाकघरातूनही पुरती गेलेली नाही. उसळीसाठी मटकी रात्री भिजत घातली की सकाळी टपोऱ्या दाण्यांत चार-दोन दाणे तसेच राहिलेले सापडतात, कालच्याइतकेच बारीक आणि कडक. गणंग. दाताखाली आला तर दात हलेल म्हणून आपण ते निवडून टाकतो. ते किडके नसतात, मेलेलेही नसतात. त्यांच्या सालीनं अजून पाणी घेतलेलं नाही, एवढंच. हजारो वर्षांच्या निवडीतून निसटून मटकीत राहिलेलं ते रान आहे, आणि ते निवडताना माझा हात हल्ली जरा रेंगाळतो.

थांबण्याच्या या कलेत सगळ्यांवर मात करतो तो टारफुला. ज्वारीच्या शेतकऱ्यासमोर हे नाव काढलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडते. त्याची फुलं देखणी, पण मुळं ज्वारीच्या मुळांत शिरून तिचा रस ओढतात. बी धुळीसारखं बारीक. एका झाडाला हजारोंनी येतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्याला नुसतं पाणी पुरत नाही. ज्वारीचं मूळ वाढताना एक द्रव्य अगदी सूक्ष्म प्रमाणात मातीत सोडतं, आणि त्याचा वास लागल्याखेरीज टारफुल्याचं बी डोळा उघडत नाही. खरं तर ज्वारी ते द्रव्य मुळांशी राहणाऱ्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी सोडत असते. त्या हाकेला हा चोर ओ देतो. इतक्या बारीक दाण्यात अन्न ते किती! मूळ जवळ नसताना जागा झाला तर दोन-चार दिवसांत उपाशी मरेल. म्हणून तो यजमान दारात येईपर्यंत निजून राहतो. शास्त्रज्ञांनी यावरून एक युक्तीही काढली. जे पीक अशी हाक देतं पण टारफुल्याला पोसत नाही, उदाहरणार्थ कापूस, ते शेतात घ्यायचं. बी जागं होतं आणि आधाराविना मरतं. अशी हाक घालणारं पहिलं द्रव्य 1966 साली कापसाच्या मुळांतूनच वेगळं केलं गेलं.

दाण्याच्या आत हे सगळं चालवतात ती संप्रेरकं. एक धरून ठेवणारं, ॲब्सिसिक आम्ल. एक सोडणारं, जिबरेलिन. दाणा दुधावर असतो, भरत येतो, तेव्हा पहिल्याचा अंमल असतो. झाडावरच्या झाडावर कोंब फुटू नयेत म्हणून. पुढं ते ओसरतं. जिबरेलिनचा पत्ता लागला तो भाताच्या एका रोगावरून. जपानमध्ये रोगट रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडत. तो प्रताप एका बुरशीनं सोडलेल्या द्रव्याचा आहे, हे 1926 साली कुरोसावा यांनी दाखवलं. तेच द्रव्य झाडं स्वतःही बनवतात. जवाच्या दाण्यावर हे सगळ्यात बारकाईनं पाहिलेलं आहे. दाणा भिजला की अंकुर जिबरेलिन सोडतो, ते सालीखालच्या एका पातळ थराला जाऊन भिडतं, तो थर पाचक रस सोडतो आणि साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते. बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणाऱ्या आपल्याकडच्या बायका याच जातीचं काम दाण्याकडून करून घेतात.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात विलक्षण वाटते. वाळलेला दाणा जिवंत असतो म्हणजे नेमका कसा असतो? त्यात पाणी असतं जेमतेम दहा-बारा टक्के. बहुतेक दुसरे जीव इतके सुकले तर संपतील. दाणा पिकताना आत खास साखरा आणि खास प्रथिनं भरून घेतो. पाणी निघून जातं तशी ती पेशींतल्या नाजूक वस्तूंभोवती घट्ट होत जातात, आणि शेवटी आतला सगळा रस काचेसारखा गोठतो. काचेत काही हलत नाही म्हणून काही बिघडतही नाही. जगणं जवळजवळ थांबतं, पण त्याची सगळी मांडणी जागच्या जागी राहते.

मग पाणी येतं. पहिलं पाणी दाणा घटाघटा पितो, आणि ते पिणं जिवंतपणाची खूण नव्हेच. मेलेला दाणाही फुगतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. बाहेरून काही दिसत नाही, पाणी पिणंही थांबल्यासारखं होतं, आणि आत डागडुजी चाललेली असते. साठवणीच्या काळात तुटलेले जनुकांचे धागे सांधले जातात, पेशींच्या फाटक्या पडद्यांना ठिगळं लागतात, श्वास सुरू होतो. जुन्या दाण्याला या डागडुजीला जास्त वेळ लागतो. म्हणून तो उशिरा उगवतो, अशक्त उगवतो आणि एका वर्षी उगवतच नाही. शेवटी मूळ साल फोडून बाहेर येतं. तोवर दाण्याला परत फिरायची मुभा असते. भिजवलेला दाणा सावलीत वाळवला तर तो पुन्हा निजू शकतो. मूळ बाहेर आलं की ती मुभा संपली. सुकणं सोसायची ताकद त्यानं टाकून दिलेली असते.

दुबार पेरणी हा शब्द वर्तमानपत्रात दर जुलैत छापून येतो. त्याच्या मुळाशी नेमकं हे आहे. मृगाचा एक पाऊस पडतो, ढगांनी उत्साह येतो, कुरी रानात उतरते, चाड्यावर मूठ धरली जाते. दाणा पाणी पितो, मूळ काढतो. आणि पाऊस आठ-पंधरा दिवस गडप होतो. रानटी गव्हाचा दुसरा भाऊ इथं असता तर तो मातीत थांबून राहिला असता. आपल्या पिकाजवळ तो भाऊ नाही. त्याच्या जागी शेतकऱ्याचा संयम हवा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय, रानाला चांगला वाफसा आल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं, ते या संयमाबद्दलच आहे. पण शेजाऱ्याचं रान पेरून झालेलं दिसत असताना थांबणं किती अवघड असतं, हे बांधावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

माझी आत्ती कवठेमहांकाळकडची. तिच्या घरात बी ठेवायची एक अख्खी व्यवस्था होती आणि ती सगळी तिच्या हातात होती. शाळूची कणसं रानात उभी असतानाच ती हेरून ठेवायची: भरलेली, घट्ट, रोगाचा ठिपका नसलेली. ती वेगळी खुडायची, वेगळी वाळवायची आणि चुलीच्या वर आढ्याला बांधायची. धुराची पुटं चढत, कीड फिरकत नसे, आणि चुलीच्या उबेनं पावसाळी हवेतही ती कोरडी राहत. कडधान्याच्या बीत ती चाळलेली राख मिसळायची. राख भुंग्याच्या अंगाला लागते, त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि तो सुकून मरतो. काकडी-दोडक्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापायची. मडक्याची तोंडं शेणामातीनं लिंपलेली असत. आम्ही पोरं कुठं हात घालायला गेलो तर एवढंच म्हणायची, "बियाचं हाय ते. हात लावू नगं." आवाज चढलेला नसायचा, पण ओलांडायची कुणाची छाती नव्हती.

नवरात्रात ती घट बसवायची. पत्रावळीवर काळी माती, त्यात धान्याची पेरणी, मधोमध पाण्याचं मातीचं मडकं. मडकं पाझरतं, मातीला सारखी ओल राहते, जास्त होत नाही, कमी होत नाही. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उजेड नसतो म्हणून रोपं पिवळी आणि लांबसडक वाढतात. दसऱ्याला ती टोपीत आणि वेणीत खोवली जायची. पुढं शाळूचा पेरा असायचा. आत्ती त्या रोपांकडे देवाचं म्हणून बघायची आणि पेरणीचं म्हणूनही. कुठलं दाट आलं, कुठलं विरळ आलं, हे तिच्या मनात पक्कं टिपलेलं असायचं.

हरिपूर विश्रामबागेपासून जवळ. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, संगमेश्वराचं गाव. तिथल्या मातीत जमिनीखाली पेवं काढत, अरुंद तोंडाची आणि आत ऐसपैस. सांगलीच्या बाजारात आलेली हळद या पेवांत वर्षानुवर्षं राही आणि तिला भुंगा लागत नसे. वर उन्हाळा असो की पावसाळा, आत हवा एकसारखी. तोंड बंद केलं की प्राणवायू संपत जातो आणि किडा जगत नाही. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही. कंदील सोडून बघायचा. तो विझला तर आत माणसासाठीही हवा नाही. 2005 च्या महापुरात पाणी या पेवांत शिरलं आणि बरीचशी पेवं कायमची गेली.

ज्वारीही पेवात ठेवत, गावोगाव. पण ती खायची ज्वारी. पेवातला दाणा भाकरीला चांगला राहिला तरी जमिनीच्या ओलीनं त्याचा अंकुर दमतो. आत्तीच्या घरी पेवाचं खायला आणि आढ्याचं पेरायला हा भेद पक्का होता. जिवंत ठेवणं आणि टिकवून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या घराला ठाऊक होतं. हळदीत तर हा फरक डोळ्यांदेखत होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की ढीग वेगळे पडतात. बाजाराची हळद काहिलीत शिजते, उन्हात वाळते, पॉलिश होते. ती पेवात दहा वर्षं राहिली तरी तिला आता कोंब येणार नाही. बेण्याचे गड्डे शिजत नाहीत. त्यांचा ढीग झाडाच्या सावलीत लावून वर हळदीचाच वाळलेला पाला पसरतात. तिथं गड्डा दोन-तीन महिने निजतो आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला डोळे फुगवतो, लागवडीच्या बरोबर वेळेला. हळदीची झोप अजून तिच्याजवळ आहे. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रंगाचं, बाजारपेठेचं कौतुक झालं. मला त्या पाल्याखालच्या ढिगाचंही कौतुक वाटतं.

सोयाबीनचं मात्र उलटं. आयर्विन पुलावरून नदी ओलांडली की पुढं कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र लागतं, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. हळदीवर आणि सोयाबीनवर तिथं काम चालतं. 'फुले संगम', 'फुले किमया' हे आज महाराष्ट्रभर पेरले जाणारे सोयाबीनचे वाण तिथलेच. सोयाबीनचा दाणा दिसायला दणकट, पण साल अतिशय पातळ आणि अंकुर अगदी सालीला लागून. पोतं उंचावरून आपटलं तरी तो दुखावतो. आत तेल, आणि तेल खवट होताना पेशींचे पडदे सोबत घेऊन जातं. गव्हाच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 85 टक्के असावी लागते. सोयाबीनला 70 वर समाधान मानलंय. तो ऑक्टोबरात निघतो आणि जूनमध्ये पेरायचा. मधला आमचा उन्हाळा त्याला झोपू देत नाही.

अमेरिकेतले बियाणेशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी साठवणुकीचे दोन साधे आडाखे सांगितले. दाण्यातली ओल एक टक्क्यानं कमी केली की त्याचं आयुष्य दुप्पट होतं; साठवणीची उष्णता पाच अंशांनी कमी केली की पुन्हा दुप्पट. मर्यादा आहेत याला, पण हिशेब करून बघावा. 14 टक्के ओलीचा दाणा 10 टक्क्यांवर आणला तर आयुष्य सोळा पट. 35 अंशांच्या पत्र्याच्या खोलीतून 25 अंशांच्या सावलीत नेला तर आणखी चौपट. आत्ती दाणा दाताखाली धरून कट्‌ असा तुटतो का बघायची. ती याच चार टक्क्यांचा शोध घेत होती. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बी आणखी सुकवून उणे 18 अंशांवर ठेवतात, तेही याच आडाख्यानं. अर्थात सगळ्याच बिया हे सोसत नाहीत. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी सुकली की मेलीच. त्यांना थांबणं माहीत नाही, पावसाच्या तोंडावर पिकायचं आणि लगेच रुजायचं.

2019 हे साल आम्ही सांगलीकर विसरणार नाही. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांपलीकडे गेली. पुराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस राज्यभर लांबला, त्याबद्दल कमी. काढणीला आलेलं सोयाबीन शेतात भिजलं, ज्वारी-बाजरीच्या कणसांना ताटावरच मोड आले. उपट्या भुईमुगाला जमिनीतच कोंब येतात ते याच कारणानं. त्याला झोप जवळजवळ नाहीच. जुन्या पसऱ्या जातींना, आमच्या शेजारच्या 'कराड 4-11' सारख्यांना, ती होती, त्यामुळे काढणी लांबली तरी शेंग शांत राहायची. पण उपट्या लवकर येतो, काढायला सोपा, म्हणून झोपाळू जाती मागं पडल्या. जे भिजलेलं सोयाबीन 2019 च्या शेवटी घरात आणि गोदामात आलं, त्यातलंच 2020 च्या जूनमध्ये बी म्हणून रानात गेलं, आणि मराठवाडा-विदर्भातून बी उगवलं नाही अशा तक्रारींचा ढीग पडला. कारणं अनेक असतील. पण मला त्या तासांत, न उगवलेल्या ओळींत, आठ महिन्यांपूर्वीचा तो पाऊस दिसतो. दाण्याच्या आयुष्यात काही विसरलं जात नाही.

1972 च्या दुष्काळात आत्ती खडी फोडायला जात होती. सरकारी कामावर सुकडी मिळायची, रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो, तांबडी ज्वारी. त्याच्या भाकरीची चव ती शेवटपर्यंत विसरली नाही. घरात चार पोरं. आणि चुलीवर आढ्याला मालदांडीची कणसं बांधलेली. मी एकदा विचारलं होतं, "आत्ती, ती कणसं खावीशी नाही वाटली?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रश्न परत घ्यावा. मग म्हणाली, "वाटंल की. पर मग पाऊस आल्यावर काय पेरायचं? मिलो?"

लेनिनग्राडच्या वेढ्याची हकिगत मी फार नंतर वाचली. निकोलाय वाविलोव्ह यांनी जगभर फिरून गोळा केलेलं बियाणं तिथल्या संस्थेत होतं. 1941 पासून वेढा पडला, शहर उपासमारीनं मरू लागलं. संस्थेतली माणसं पोत्यांच्या, पुड्यांच्या राखणीला बसली आणि त्यांतली कित्येक तिथंच उपाशी मेली. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह यांच्याभोवती हजारो पुड्या तांदूळ होता. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन मेजावरच गेले. खुद्द वाविलोव्ह स्टालिनच्या तुरुंगात 1943 साली अन्नान्न करत वारले. आत्तीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. पण ती माणसं आणि ती एकाच कामावर होती, आणि त्या कामाला अजून पुरेसा मान मिळालेला नाही असं मला मनापासून वाटतं. गावातलं देशी बी सांभाळणाऱ्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मला फार आनंद झाला तो त्यामुळेच.

आत्तीचा मुलगा आता सोयाबीन करतो. वाण सरळ असल्यानं घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. मे महिन्यात तो प्रत्येक पोत्यातलं मूठभर बी माझ्याकडे धाडतो, कारण आमच्या गॅलरीत सावली आहे आणि मला वेळ आहे. गोणपाट भिजवून पिळून घ्यायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी, आणि दिवसातून एक-दोन वेळा पाण्याचा हबका. प्रयोगशाळेत याहून झटपट उपाय आहे: टेट्राझोलियमचं बिनरंगी पाणी जिवंत अंकुरात शिरलं की त्याच्या श्वासानं लाल होतं, मेलेल्यात तसंच राहतं. गोणपाटाला सहा-सात दिवस लागतात. पण उलगडल्यावर नुसता आकडा कळत नाही. कुठलं मूळ सरळ, कुठलं तुटकं, कुठल्या दाण्याला फुगून बुरशी आली, हे सगळं दिसतं. तुटक्या मुळाचे मोजायचे नाहीत, हे मी आता कटाक्षानं पाळते.

"आक्का, किती आलं?" तो फोनवर विचारतो.

"भिंतीकडच्या थप्पीतलं पंचाहत्तर. दाराजवळच्या पोत्यांतलं त्रेसष्ट."

तो थोडा वेळ गप्प राहतो. दाराजवळ दुपारचं ऊन येतं. मग हिशेब सुरू होतो. सत्तर टक्क्यांना एकरी 30 किलो. त्याच्या खाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो जादा. साठच्या खाली गेलं तर पेरायचंच नाही. म्हणजे दाराजवळचं एकरी साडेतेहतीस किलो टाकावं लागेल. की ते तेलाच्या गिरणीला घालायचं आणि दुसऱ्या थप्पीतलंच पेरायचं? दोन एकर कमी पडेल. भावकीत कुणाचं चांगलं असेल तर बदलून घ्यावं, असं तो म्हणतो. मी त्याला सांगते की त्यांचंही मूठभर आधी माझ्याकडे पाठव, आणि ती भिंतीकडची पोती आज खाली उतरवून लाकडी फळ्यांवर घे, एकावर एक फार चढवू नकोस, उचलून ठेव, टाकू नकोस.

"उद्या सकाळी घेतो," तो म्हणतो. "उन्हाच्या आत."